राजीनामा न देता गेलेले शिक्षक

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक सहसा राजीनामा देत नाही. वेतन आयोगाचा पगार, निवृत्तीपर्यंतची शाश्वती आणि बाहेर भरतीच्या प्रतीक्षेत असलेले हजारो डी.एड., बी.एड.धारक पाहता तो नोकरी सोडेल कशाला, असेच कुणीही म्हणेल. त्यामुळे शिक्षक टिकवायचे कसे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. रिक्त पदे किती, भरतीच्या पवित्र पोर्टलची पुढची फेरी कधी, एवढ्यावर चर्चा थांबते. माझे म्हणणे असे की शिक्षक आपल्याकडूनही जातात, आणि पुष्कळ जातात. फक्त हजेरीपटावर नाव ठेवून जातात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे पाहा. मराठवाड्यातून, विदर्भातून तिथे रुजू झालेले शिक्षक वर्षानुवर्षे आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतात आणि बदली झाली की वाडीवरची शाळा पुढच्या भरतीपर्यंत एका माणसावर येते. यात त्यांचा दोष नाही. आईवडील थकलेले, बायको दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, मुलांच्या शाळेचा प्रश्न वेगळाच. शासन मुख्यालयी राहण्याची अट घालते, घरभाड्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागते. पण त्या वाडीवर भाड्याने मिळेल अशी एखादी धड खोली तरी आहे का? शाळांच्या दर केंद्रात शिक्षकांसाठी चार-सहा घरे बांधली, तर अशा दहा परिपत्रकांपेक्षा जास्त माणसे थांबतील.

बदली निदान कागदावर दिसते. वर्गात राहूनही शिकवण्यापासून दूर गेलेला शिक्षक कुठल्याच तक्त्यात येत नाही, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेलेले, बाईंपुढे चारही वर्ग. दुसरीतली मुलगी ‘प्रकाश’ला ‘परकाश’ वाचते. बाई तिच्या पाटीवर ‘प’ला रकार देऊन दाखवतात, तेवढ्यात फोन वाजतो. पोषण आहाराची आजची संख्या भरायची आहे, आधार न जुळलेल्या मुलांची यादी बारापर्यंत हवी आहे. रेंजसाठी बाई व्हरांड्याच्या टोकाला जातात. परत येईपर्यंत मुलगी पुढच्या धड्यावर गेलेली असते, चूक तशीच ठेवून.

हे एका दिवसाचे असते तर तक्रार नव्हती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. पण बीएलओची, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, जबाबदारी निवडणुकीच्या खात्यात मोडते आणि ती वर्षभर पुरते. यू-डायस, अपार आयडी, अॅपवरची माहिती, मोहिमांचे फोटो हे सगळे शाळेचेच काम म्हणून दिले जाते. दहा वर्षे असे काढलेल्या शिक्षकाची चूक पकडण्याची सवयच जाते. त्याने नोकरी सोडलेली नाही, पण मुलांच्या दृष्टीने तो गेलेला आहे. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा असतात. त्यांच्यासाठी माहिती भरणारा एक कर्मचारी नेमणे कोणत्याही सरकारला परवडेल.

आता पगाराकडे. शिक्षकांना भरपूर पगार आहे, तरी मुलांना वाचता येत नाही, हा आक्षेप नेहमीचा. पूर्ण वेतनश्रेणीवरच्या शिक्षकाला उद्देशून तो केला तर त्याचे उत्तर द्यावे लागेल. पगार वाढला की शिकवणे आपोआप सुधारते, असा माझा दावा नाही. पण 2000 मध्ये नव्या शिक्षकांसाठी शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिकला महिन्याला 3,000 रुपये मानधन होते. मग दीर्घकाळ ते 6,000 वर अडून राहिले आणि 2023 पासून 16,000 झाले. काम तेच, वर्ग तोच, आणि पहिली तीन वर्षे अशी काढायची. खासगी शाळांत तर एकाच शिक्षकखोलीत पूर्ण अनुदानावरचे सर, टप्पा अनुदानावरच्या मॅडम आणि विनाअनुदानित तुकडीवरचा तरुण एकत्र डबा खातात. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शब्द 2009 मध्ये वगळला गेला. त्यानंतरही अनुदानाच्या टप्प्यासाठी आझाद मैदानावर बसण्याची वेळ शिक्षकांवर पुन्हा पुन्हा आली. विनाअनुदानित तुकडीवरचा तो तरुण सुट्टीत शेती करतो, संध्याकाळी शिकवण्या घेतो आणि पोलीस भरतीचा किंवा तलाठ्याचा अर्जही भरून ठेवतो. तो गेला तर दुसरा मिळेल, या भरवशावर सगळी व्यवस्था उभी आहे. दुसरा मिळतोही. पण पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवण्याचे कसब दोन-चार वर्षांनी हाताला लागते, आणि ते लागण्याच्या सुमाराला माणूस निघून गेलेला असतो.

जे राहतात त्यांच्यापुढे काय आहे? बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, तीही सगळ्यांना नाही. पदोन्नती हवी तर केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी व्हायचे, म्हणजे वर्ग सोडायचा. उत्तम शिकवणाऱ्या बाईंना उत्तम शिकवल्याबद्दल वर जाण्याची वाटच नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याच स्तरावर राहून पगार आणि पदोन्नती मिळावी असे म्हटले आहे. ते अमलात आणायला हवे. उलट 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होण्याची अट घातली. गुणवत्ता तपासण्याला माझा विरोध नाही. पण ज्या शिक्षिकेच्या वर्गात वीस वर्षांत कुणी मागच्या बाकावर बसून एक तास पाहिला नाही, तिची पारख एका दुपारच्या पर्यायी प्रश्नांवर व्हावी, हे मला पटत नाही.

उत्तम शिकवणाऱ्या बाईंना मार्गदर्शक शिक्षक म्हणून केंद्रप्रमुखाइतका पगार द्यावा आणि त्यांचा वर्ग त्यांच्याकडेच ठेवावा. नव्या शिक्षणसेवकाला एकट्याने वाडीवर पाठवण्याआधी एक वर्ष पूर्ण वेतनावर त्यांच्या वर्गात बसवावे. वर्षभरात तो रकार कसा शिकवायचा ते शिकेल. ही सोय झाल्यावर पुढच्या भरतीची जाहिरात काढावी.