ऋण, विसार, वतन

भांडुप आणि मुलुंडच्या मधलं नाहूर हे छोटं स्थानक. जलद लोकल इथे थांबत नाहीत. बिल्डर मात्र केव्हाचे थांबले आहेत. घर घ्यायला निघालेल्या इथल्या कुठल्याही नोकरदार कुटुंबाला विसार, तारण, गहाण, हप्ता हे शब्द पाठ असतात. याच भांडुप-मुलुंड पट्ट्यात मराठी ख्रिस्ती कुटुंबंही राहतात. यातले पहिले दोन शब्द त्यांच्या पवित्र शास्त्रातले आहेत, आणि तेही कुठल्या कोपऱ्यातले नव्हेत, अगदी गाभ्यातले.

पौलाने करिंथकरांना आणि इफिसकरांना लिहिताना पवित्र आत्म्याला विसार म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्दही बाजारातलाच आहे. पूर्वेकडच्या सेमिटिक व्यापाऱ्यांच्या तोंडून तो ग्रीकमध्ये शिरला. विसार म्हणजे काय, हे जमीन घेणाऱ्याला सांगावं लागत नाही. सगळी रक्कम नंतर येईल, पण सौदा पक्का झाल्याची खूण आज हातात पडली पाहिजे. स्वर्गाच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांना हा शब्द अडचणीचा आहे. पुढच्या जीवनाच्या वचनांपैकी आज, या चाळीत, या कचेरीत काय दिसतं, असं तो विचारतो.

‘खंडणी’ तर याहून अवघड. मनुष्याचा पुत्र पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव देण्यास आला, हे सांगताना मराठी शास्त्र हा शब्द वापरतं. मुंबईकराला तो ऐकून गुंडाचा फोन आठवतो. पण मराठेशाहीच्या काळात खंडणी भरून गाव लुटीतून सुटे, आणि ग्रीक शब्दाचा अर्थ गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्याची किंमत असा आहे. ही किंमत नेमकी कोणाला दिली, सैतानाला की देवाला, यावर ओरिजेनपासून अकराव्या शतकातल्या अ‍ॅन्सेल्मपर्यंत विद्वानांनी डोकेफोड केली. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कोणीतरी बांधलेला होता आणि तो सुटला, एवढं पुरेसं आहे.

खरा मुद्दा ‘ऋण’ या शब्दाचा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दर रविवारी म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेत आपली ऋणं सोडावीत अशी मागणी आहे, आणि लगेच आपण आपल्या ऋणकऱ्यांना सोडल्याचा हवाला आहे. हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं. लूकने पहिल्या ठिकाणी ‘पाप’ घातलं, पण दुसऱ्या ठिकाणी देणेकरी तसाच ठेवला. येशू बोलत होता त्या अरामी भाषेत पाप आणि देणं यांना एकच शब्द चाले. पुढे अनेक भाषांतल्या प्रार्थनांमध्ये ‘अपराध’ आला आणि पैशाचा वास गेला. मराठीने तो राहू दिला, हे मराठीचं भाग्य म्हणायचं. पण व्यासपीठावरून ऐकू येतं ते वेगळंच: मनातली अढी काढा, राग सोडा. ते चांगलंच आहे. मात्र ज्याने भावाच्या हिश्शाचं घर दाबून ठेवलं आहे, त्याला राग सोडणं फार सोपं जातं.

या महाराष्ट्रात ऋण हा शब्द कधीच नुसता आध्यात्मिक नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत ते लोण पसरलं. त्यांना हवे होते ते मुख्यतः कर्जरोखे. रोखे हाती आले की जाळायचे. बहुतेक ठिकाणी माणसाच्या जिवाला हात लावला गेला नाही. चौकशी आयोग बसला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. शेतकरी उठले त्या १८७५ साली अमेरिकन मराठी मिशनला अहमदनगरात चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ निघू लागून तेहतीस.

हा प्रसंग जुन्या करारात जवळजवळ जसाच्या तसा आहे. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात दुष्काळाने गांजलेले लोक ओरडतात: धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, आता पोरं गुलामीत जाताहेत. यहूदाचा सुभेदार नहेम्या सभा बोलावतो, सरदारांना जाब विचारतो, आणि आपण आणि आपली माणसंही उसनं देत असल्याचं तिथेच सांगतो. मग शेतं परत, घरं परत, व्याजही परत. याजकांना बोलावून तो शपथ घ्यायला लावतो. पश्चात्ताप कसा दिसतो याचा इतका स्पष्ट नमुना दुसरा सापडणं कठीण. नव्या करारातला जकातदार जक्कय त्याच वाटेने जातो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलेल्याला चौपट. तो रडला की नाही, हे लूक सांगत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असा हिशेब मांडला तर देव सावकार होतो आणि कृपा हा शब्द पोकळ पडतो. पण येशूने वही उघडली ती हिशेब मोडण्यासाठी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दासाचं देणं दहा हजार तालांतांचं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! ते माफ होतं. बाहेर पडताच हा गृहस्थ शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. कृपा इथे रकमेतच दाखवली आहे, आणि तिची परीक्षाही रकमेतच होते. दोन अध्यायांनंतर द्राक्षमळ्याचा मालक मजूर नाक्यावर संध्याकाळपर्यंत उभ्या राहिलेल्यालाही पूर्ण रोज देतो. युनियनवाले आणि मालक दोघेही ज्याच्यावर चिडतील असा हा मालक.

‘वतन’ हा शब्द मला सगळ्यांत बोचतो. सौम्य लोकांना पृथ्वी मिळेल, या वाक्यात मराठी शास्त्राने ‘वतन’ घातलं. नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती झालेले पुष्कळ लोक महार आणि मांग समाजातले. महारवतन म्हणजे काय हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं: तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात गावकी, कुणाच्याही हाकेला धाव. ती वतनपद्धत मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा त्यांच्या मृत्यूनंतर, १९५८ मध्ये झाला. तेव्हा पृथ्वीचं वतन ऐकून गावकुसाबाहेरच्या माणसाला आनंद झाला असेल की धास्ती वाटली असेल? आजच्या प्रवचनांत हा प्रश्न येत नाही, कारण वतन म्हणजे आता आईवडिलांचं गाव, सुट्टीत जायचं.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून पूर्ण बाहेर आलं. साध्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. पण त्याआधी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आणलं होतं, म्हणून ‘सोडवणे’ हे क्रियापद त्यांच्या हातचं होतं. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती मराठीला भक्तीचा ओलावा दिला. त्यांची भजनं नसती तर आमच्या उपासना कोरड्या राहिल्या असत्या. मात्र त्या ओलाव्यात वहीची शाई थोडी फिसकटली, असं माझं मत आहे. दोष टिळकांचा नाही, आमच्या सोयीचा आहे.

वसईत हे शब्द जास्त जिवंत राहिले. १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने तिथे कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. सावकाराच्या दारात जावं लागू नये यासाठी धर्मगुरू हिशेबाच्या वह्या उघडून बसतो, याला मी प्रभूच्या प्रार्थनेचा अर्थ लावणं म्हणतो. सत्तर वर्षांनी त्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात जमीन आणि पाणी वाचवायला उतरले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा माणूस तोच, हा योगायोग नव्हे.

म्हणून मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना एक विनंती. येत्या वर्षातला एक रविवार नहेम्याच्या पाचव्या अध्यायाला द्या. अवघी एकोणीस वचनं आहेत. ती वाचून झाल्यावर प्रवचन करू नका. कोणाचं घर कोणाकडे अडकलं आहे, कोणाचा पगार कोणी थकवला आहे आणि मंडळीच्या निधीतून कोणाचं गहाण सोडवता येईल, एवढंच विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या.