सद्धेतु आणि निदान

एखादें कृत्य सद्धेतूनें केलें, एवढ्यावरून कर्ता दोषमुक्त होतो काय? नीतिशास्त्रांतील हा जुना प्रश्न आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. त्याचें उत्तर मात्र आम्हांस घरापुढील हिरवळीनें दिलें.

ही हिरवळ हरळीची. म्हणजे ज्या दूर्वा आपण गणपतीस वाहतों, त्याच जातीच्या गवताची. एका हिवाळ्यांत तिच्यावर रुपयाएवढे फिकट डाग पडले. पात्यावर मध्यें पांढुरका पट्टा, त्याच्या कडांस तांबूस रेघ, आणि पहाटेच्या दंवांत कोळिष्टकासारखे पांढरे तंतु. बुरशीच्या ह्या रोगास इंग्रजींत नाण्यावरूनच ‘डॉलर स्पॉट’ हें नांव पडलें आहे. नत्रावांचून उपाशी राहिलेल्या गवतास तो अधिक जडतो. आमच्या माळीबुवांनीं थोडा युरिया दिला, आणि डाग भरून आले.

पुढील पावसाळ्यांत पुन्हां डाग दिसले. पण ह्या खेपेस ते वीतभर रुंद व तपकिरी होते. माळीबुवा गांवीं गेलेले. आम्ही मागील उपाय आठवून मोठ्या मायेनें दुप्पट युरिया टाकला. आठ दिवसांत निम्मी हिरवळ सडली! रोग दुसराच होता. ‘ब्राउन पॅच’ ह्या नांवाचा हा रोग ऱ्हायझोक्टोनिया नांवाच्या बुरशीमुळें होतो, आणि उबदार, दमट रात्री व नत्रानें लुसलुशीत झालेलीं पातीं हीं तिला फार मानवतात. एका रोगांत जें औषध ठरलें, तेंच दुसऱ्यांत रोगाचें खाद्य झालें. हेतु दोन्ही वेळीं चांगलाच होता.

माळीबुवा परतले. त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. “साहेब, आधीं डागाची कड बघायची असते,” एवढेंच ते म्हणाले. डागाचा मध्य मेलेला असतो, तो कांहीं सांगत नाहीं; जिवंत व मृत ह्यांच्या सीमेवरील पातेंच खरी साक्ष देतें. गवत मुठींत धरून ओढावें. सतरंजीसारखें उचलून आलें, तर मुळें हुमणीनें खाल्लीं असण्याचा संभव. नुसते शेंडेच फाटलेले असतील, तर अपराध कापण्याच्या यंत्राच्या बोथट पात्याचा. बुरशीच ठरली, तरी पाणी संध्याकाळीं न देतां पहाटे द्यावें, दंव झाडावें, गवत फार आंखूड कापूं नये. बुरशीनाशक सर्वांत शेवटीं. कारण एकच औषध वारंवार फवारल्यास बुरशी त्याला दाद देईनाशी होते.

हें ऐकत असतां आम्हांस एका विद्यार्थ्याची आठवण झाली. तो वर्गांत उशिरा येई व डुलक्या घेई. हा आळस, असा आम्हीं निर्णय केला, आणि त्याच्या हितासाठींच सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली. तो रात्रपाळी करून घर चालवीत होता, हें आम्हांस वर्ष संपल्यावर कळलें. तोंवर त्यानें कॉलेज सोडलें होतें. हिरवळ दिवाळीपर्यंत पुन्हां भरून आली. तो विद्यार्थी परत आला नाहीं.

कोणी म्हणेल, निदानाची वाट पाहत बसल्यास उपचाराची वेळ टळून जाईल. परंतु कड पाहण्यास असा कितीसा वेळ लागतो? आणि पुन्हां पाहण्यांत कमीपणा तरी कसला? डॉलर स्पॉटच्या बुरशीस बेनेट ह्या शास्त्रज्ञानें 1937 सालीं एका वंशांत बसविलें; तें स्थान चुकीचें ठरून 2018 सालीं तिला ‘क्लारीरीडिया’ हा नवा वंश मिळाला. तज्ज्ञांस जें ऐक्याऐंशीं वर्षांनीं करावें लागलें, तें आम्हांस एका तासांत करतां आलें असतें: त्या मुलास जवळ बसवून दोन प्रश्न विचारावयाचे होते.

सद्धेतु हा नीतीचा आरंभ खरा. पण ज्याचें भलें करावयाचें त्याच्याकडे नीट पाहणें, हा त्या हेतूचाच भाग आहे. तो वगळला, म्हणजे उरते ती केवळ आपल्या चांगुलपणाची हौस. आणि तिची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते.