उसनवारीची भाषा

जबलपुरास बदली होऊन आल्यापासून माझ्या मुलाच्या मराठीत हिंदीची भेसळ वाढली आहे, आणि मी त्याला सतत टोकत असतो. परवा मात्र टोकता टोकता मीच थबकलो. निहाली भाषेविषयी नुकतेच वाचले होते, त्याची आठवण झाली.

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोदच्या परिसरात ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार लोक असतील. शेजार कोरकूंचा, बाजार मराठीचा. एकास ते 'बिडुम' म्हणतात, तो शब्द त्यांचा. 'इरार', 'मोथो', 'नालो' हे दोन, तीन, चार द्राविडी वळणाचे. पाचापासून पुढे आपल्याच धर्तीचे अंक. १९६२ साली कायपर या डच पंडिताने तिच्या शब्दांची झडती घेतली, तेव्हा सुमारे चतुर्थांश शब्दांना मुंडा, द्राविडी वा आर्य, कोणत्याच कुळात आप्त सापडेनात. (ही चोरट्यांची सांकेतिक बोली असावी काय, अशी शंकाही त्याने घेतली. दुर्बळांच्या गुपितावर असा आळ चटकन येतो!)

मग जिचा एवढा भाग उसना, ती भाषा त्यांची नव्हे काय? मालकी उगमावरून ठरवावयाची, तर आपल्या कचेरीतील 'अर्ज', 'हुकूम' आणि 'कागद' यांचे काय करावयाचे?

काल मुलगा खिडकीतून ओरडला, "बाबा, पाणी गिरतंय!" धातू हिंदी, प्रत्यय मराठी. मी काही बोललो नाही. दिवाळीत पुण्यास आजी त्याला हसेल, तेव्हा कोणाची बाजू घ्यावी, हे अद्याप ठरलेले नाही.