शिक्षकाची साक्ष

ख्रिस्ती शिक्षकाने पुढारीपण करावे ते उपदेशाने की आचरणाने? मिस सिंथिया फरार ह्या १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आल्या. पुढे अहमदनगरास त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या व तेथेच १८६२ साली त्या निवर्तल्या. त्यांची शाळा जोतीराव फुले ह्यांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींकरिता शाळा काढिली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून बाईंचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. मीठ अन्नात विरते, तरी चव त्याचीच असते.

आज गावोगावी शाळा आहेत. परंतु परीक्षेच्या दिवशी उत्तरे सांगून निकाल वाढविण्याचा मोहही आहे. पालक विनवितात, “गुरुजी, पोरांचे वर्ष बुडवू नका.” येथेच आपल्या विश्वासाची कसोटी होय. जो शिक्षक तेव्हा डोळेझाक करितो, तो वर्षभर शिकविलेले सत्य एका घटकेत पुसून टाकितो. परंतु नुसता नकारही पुरे नाही. नापास झालेल्या मुलास सुटीत जवळ बसवून पुन्हा शिकविले पाहिजे. नाहीतर तो नकार प्रीतीवाचून कोरडा होय. बंधुभगिनींनो, प्रभु आपल्या शिक्षकांस ह्या दोन्ही गोष्टींकरिता धैर्य देवो.