नावाचा अर्थ कोणी ठरवायचा?

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्यात. कागदावर केळापूर लिहितात, एसटीत तिकीट पांढरकवड्याचं मागतात आणि कोणाचंही काम अडत नाही, कारण दोन्ही व्यवहार माणसाला ठाऊक असतात. संगणकाला ते ठाऊक नसतात. नाव विचारल्यावर जे उत्तर मिळेल, तिकडे तो निघतो.

हे उत्तर डीएनएस, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी यंत्रणा, देते. आधी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत असत आणि प्रत्येकानं ती उतरवून घ्यायची. 1983मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांचा अधिकार वरून खाली सोपवत जाणारी रचना मांडली.

या साखळीत मधेच शिरता येतं. समजा, यवतमाळातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर कचेरीतच आहे, पण त्याच्या नावापुढे बाहेरचा सार्वजनिक पत्ता नोंदलेला आहे. आतला संगणक त्या पत्त्यावर जाऊ बघतो आणि बरेच राउटर ही मागणी परत आत वळवत नाहीत. मग नेटवर्क सांभाळणारा स्थानिक डीएनएसमध्ये एक ओळ लिहितो: हे नाव विचारलं तर 192.168.1.10 सांग, बाकीची बाहेर विचार. काम सुरळीत होतं.

तशाच दुसऱ्या ओळीनं बँकेचं नावही भलतीकडे वळवता येतं. लिहिण्याची रीत तीच. मग एक ओळ सचोटीची आणि दुसरी लबाडीची, हे कशावरून?

हे नावाचा अर्थ कोणी ठरवायचा यावर अवलंबून आहे, आणि त्या प्रश्नाशी भारतीय दर्शनं फार आधी झुंजली आहेत. शब्द आणि अर्थ यांचं नातं माणसानं केलेलं नाही, असं मीमांसक म्हणतात. पण विशेषनामं तर उघडच माणसं ठेवतात. न्यायदर्शनाच्या जुन्या पंडितांच्या, म्हणजे नैयायिकांच्या, मते शब्दाची शक्ती, म्हणजे अर्थ दाखवण्याचं सामर्थ्य, ईश्वराच्या इच्छेतून येते. मग पोराला बापानं दिलेल्या नावाचं काय? विश्वनाथांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त उत्तर आहे: अकराव्या दिवशी बापानं नाव ठेवावं, ही ईश्वराचीच इच्छा, म्हणून त्या नावातही शक्ती आहे. कोणी आपल्या मनानं नवा संकेत केला, तर परंपरा त्यात शक्ती मानत नाही. नव्य नैयायिक मानतात. त्यांना कोणाचीही इच्छा पुरते.

ओळ चालते कशी, हे नव्यांच्या मतानं कळतं. ती लिहावी की नाही, हे कळायला मात्र जुन्यांचा बापच उपयोगी पडतो. त्याच्याकडे अधिकार सोपवलेला आहे. पतसंस्था स्वतःच्या नावाला घरातलं उत्तर देते. बँकेचं नाव बँकेचं. परक्या नावाला हात लावायचा तर नावाच्या धन्याची संमती हवी. शाळा-कचेऱ्यांत सुरक्षित शोध सक्तीचा करण्यासाठी आपलं नाव कसं वळवावं, हे गूगल स्वतःच सांगतं. तिथे ती संमती आहे. तरीही तिथले संगणक वापरणाऱ्यांना काय बदललंय हे सांगायलाच हवं. त्यांच्या विश्वासावरच हे उत्तर चालतं.

यंत्रणेतही हा भेद काही प्रमाणात बांधलेला आहे. बँकेचं नाव वळवलं तरी त्या नावाचं खरं प्रमाणपत्र खोट्या सर्व्हरकडे नसतं, म्हणून ब्राउझर इशारा देतो. डीएनएसच्या नोंदीवर मालकाची डिजिटल सही असेल आणि उपकरण ती तपासत असेल, तर मधे कोणी बदललेलं उत्तर ते नाकारतं.