नियमाचे मौन आणि वस्तूची ओळख

वस्तूची ओळख तिच्या नावावरून ठरते की स्वभावावरून, हा प्रश्न भारतीय तर्कपरंपरेने बारकाईने हाताळला आहे, आणि जुन्या संगणकातील प्रोसेसर ओळखताना तोच प्रश्न मूर्त रूपात समोर येतो. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातील एखाद्या घराच्या माळ्यावर १९८० च्या दशकातील, आयबीएम पीसीच्या धर्तीचा संगणक आजही पडून असेल, तर त्यात इंटेलच्या ८०८८ ऐवजी जपानच्या एनईसी कंपनीची व्ही२० ही चिप बसवलेली असणे अशक्य नाही. १९८४ मध्ये बाजारात आलेली व्ही२० ही ८०८८ च्याच ४० पायांच्या सॉकेटमध्ये बसते आणि ८०८८ चे प्रोग्रॅम जसेच्या तसे, किंबहुना काहीशा अधिक वेगाने चालवते.

न्यायशास्त्रात ‘लक्षण’ म्हणजे वस्तूला इतर सर्वांपासून वेगळे करणारा असाधारण धर्म होय, आणि जे लक्षण अभिप्रेत वस्तूच्या बाहेरही लागू पडते त्यात ‘अतिव्याप्ती’ हा दोष मानला जातो. ‘८०८८ चे प्रोग्रॅम चालवते ती ८०८८’ हे लक्षण व्ही२० लाही लागू पडत असल्याने त्यात हा दोष आहे. चिपच्या पाठीवर छापलेले नाव हे ‘शब्दप्रमाण’, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान. परंतु शब्द प्रमाण ठरतो तो ‘आप्ताचा’, यथार्थ जाणून यथार्थ सांगणाऱ्याचा, आणि चिपवरील मूळ छपाई खरवडून अधिक वेगाचा आकडा उमटवण्याचे प्रकार पुढे घडल्यामुळे ते नावही निर्णायक राहिले नाही. विचारल्यावर चिपने स्वतःच निर्मात्याचे नाव सांगावे, ही सोय १९९३ च्या पेंटियमच्या सुमारास रूढ झाली. त्याआधीच्या चिपच्या बाबतीत उरते ते अनुमान.

या अनुमानाचे हेतू, म्हणजे ज्यांवरून निष्कर्ष काढायचा त्या खुणा, विचार करण्याजोग्या आहेत. दोन दशमान अंकांची एक संख्या करणारी ‘एएडी’ नावाची आज्ञा आहे; तिच्यात दडलेला १० हा पाया बदलला तर काय व्हावे, हे इंटेलच्या मूळ पुस्तिकेने सांगितले नव्हते. पाया बदलल्यावर इंटेलची चिप नव्या पायाने हिशेब करते, तर व्ही२० मात्र १० च धरून बसते. पुढच्या पिढीतील सायरिक्स या कंपनीच्या चिप ओळखण्यासाठी ५ ला २ ने भागले जाई. भागाकारानंतर फ्लॅगचे, म्हणजे निकालाची स्थिती दाखवणाऱ्या बिटांचे, काय व्हावे हे ठरवून दिलेले नव्हते, आणि इंटेलच्या चिपमध्ये ते बदलत, सायरिक्समध्ये जसेच्या तसे राहत. जे नियमाने बांधलेले होते तेथे या सर्व चिप सारख्या वागल्या. भेद प्रकटला तो नियमाने काहीच सांगितले नव्हते तेथे.

हाच विचार धर्माच्या क्षेत्रात अधिक खोलवर जातो. माळ, टिळा, व्रत आणि वारी यांचे विधी ठरलेले असल्याने ते पाळणारे सारे बाहेरून एकसारखेच दिसतात. पैठणच्या एकनाथांविषयी परंपरा सांगते, की काशीहून रामेश्वरासाठी कावडीने आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. यात्रेच्या विधीत त्या गाढवाविषयी एक शब्दही नव्हता, आणि म्हणूनच त्या कृतीत विधीचे पालन नव्हे, तर एकनाथांची भूतदया दिसली. विधी निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे; विधीमुळे समाज एकत्र चालतो, परंतु माणसाची श्रद्धा किती खरी, याची साक्ष विधीने न सांगितलेल्या प्रसंगीच मिळते.

तथापि या साम्याला एक मर्यादा आहे आणि ती विसरल्यास माणसावर अन्याय होतो. चिपचा स्वभाव सिलिकॉनमध्ये कोरला गेला त्या दिवशीच कायम झाला, त्यामुळे एका भागाकाराने तिची जात ठरवणे योग्यच आहे. मनुष्याचा स्वभाव मात्र अभ्यासाने, संगतीने आणि पश्चात्तापाने बदलतो, हे संतांच्या उपदेशाचे गृहीतच आहे, अन्यथा उपदेशाला अर्थच उरला नसता. म्हणून वस्तूचे लक्षण शोधणाऱ्याने निर्णयापर्यंत पोहोचावे, पण माणसाची पारख करणाऱ्याने आपला निर्णय पुढच्या प्रसंगासाठी खुला ठेवावा, आणि नियम जेथे काहीच सांगत नाही तेथे स्वतः काय करतो, हा प्रश्न प्रथम स्वतःलाच विचारावा.