वरच्या अंगाला

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमच्याकडची म्हण. पुण्यात आयटीत नोकरीला लागल्यापासून मी ती शंभरदा ऐकवली असेल. गेल्या फेब्रुवारीत टीमसोबत नाशिकच्या एका वायनरीत गेलो, तेव्हा एका मित्राने ती माझ्यावरच उलटवली. “जर्मनीत आर नदीकाठी रेड वाईन होते. मग तुमच्या परभणीत का नाही?”

माहिती देणाऱ्या मुलीने एका शब्दात उत्तर दिलं, “हवा.”

मग तिने समजावून सांगितलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. युरोपात द्राक्षाची वेल हिवाळाभर झोपते आणि थंडीच्या तोंडावर फळ पिकतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे घड भर हिवाळ्यात पिकतात. दिवसाचं ऊन साखर भरतं, रात्रीचा गारवा आंबटपणा टिकवतो. थंड हवेतल्या रेड वाईनची खूण हीच: गोडी येते, पण आंबटपणा मरत नाही.

हवामान बदलता येत नाही तर कॅलेंडर फिरवायचं, ही युक्ती माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडली. ग्लासात शिराझ होती. काळ्या मिरीसारखा हलका तिखटपणा, मागे आंबटसर चव. मला ती वाईनही आवडली, हे आधीच कबूल करतो.

पण परतीच्या वाटेवर ते ‘हवा’ खुपत राहिलं. थंडी आमच्याकडे नाही होय? परभणीच्या कृषी विद्यापीठात कडक हिवाळ्यात ५ अंशांच्याही खाली पारा गेल्याची नोंद आहे. आमची काळी जमीन जड, पाणी धरून ठेवणारी, उन्हाळा चाळिशीपार. वेलीला हे मानवत नाही, मान्य. पण ऑक्टोबरात छाटलेल्या वेलीला फेब्रुवारीपर्यंत पाणी लागतं आणि पाऊस तर तोवर गेलेला असतो. गारव्याइतकंच ठिबकच्या नळीतलं पाणीही त्या ग्लासात असतं. त्याचं नाव मात्र त्या मुलीने घेतलं नाही.

त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी नाशिकहून पैठणला येते, जायकवाडीत अडते, तिथून पुढे गंगाखेडला जाते. जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. आमचं शेत त्याच्या एका चारीच्या टेलला. दर वर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडीत किती पाणी आहे ते पाहतात. ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचा प्रश्न येतो. मग मोर्चे, कोर्टकचेऱ्या. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटप ठरलं, तरी भांडण मिटलं नाही. २०२३ मध्ये तर पाणी सुटायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. म्हणजे तिकडे छाटणी होते, त्याच सुमारास इकडे आमचे लोक बातम्यांकडे डोळे लावून बसतात.

त्या रात्री अप्पांना फोन केला. ते माळकरी, म्हणून वाईनचं बोललो नाही. नुसतं म्हटलं, “वरच्या लोकांनी आपलं पाणी खाल्लं.”

अप्पा हसले. “वरचे कोण रे? आपल्या वरच्या अंगाला समदा ऊस उभाय. तो काय नाशिकवाल्यानं लावला?”

खरं होतं. नाशिकच्या द्राक्षांतही वाईनचा वाटा थोडाच, बहुतेक द्राक्षं खायची. आणि ठिबकवरच्या वेलीपेक्षा बारा ते अठरा महिने शेतात उभा राहणारा ऊस कितीतरी जास्त पाणी पितो. त्याच्या मळीपासून देशी दारू होते. ती पिणाऱ्याला गाव बेवडा म्हणतं, वाईन पिणाऱ्या मला रसिक. पाण्याचा हिशेब मात्र दोघांनाही कुणी विचारत नाही.

एवढ्यावर मी सुटलो असतो. पण अप्पांचं ‘वरच्या अंगाला’ कानातून जाईना. मी नववीत असतानाची एक रात्र आठवली. कालव्याचं आवर्तन आलं होतं. आमची पाळी संध्याकाळी संपली होती, पुढची पाळी आमच्याही खालच्या शेताची. एका विधवा बाईचं ते शेत. रात्री काकांबरोबर मी दारं धरायला गेलो. काकांनी तिच्या बाजूचं दार मातीने बुजवून पाणी परत आमच्या कपाशीत वळवलं. बॅटरी माझ्या हातात होती. सकाळी ती बाई बांधावर येऊन उभी राहिली. काहीच बोलली नाही.

आपण टेलला आहोत, असं मी आयुष्यभर सांगत आलो. त्या रात्री मी वरच्या अंगाला होतो.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दुसऱ्याचा कोड वापरतो, त्याला अपस्ट्रीम म्हणतो. तिकडे काही बिघडलं तर त्रास आम्हाला, म्हणून वर काय चाललंय यावर आमची नजर असते. खाली आपल्यामुळे कुणाचं काय बिघडलं, हे मात्र कुणी तक्रार केली तरच कळतं. आणि ती बाई तर बोललीच नव्हती.

मग वाईन सोडायची का? मी सोडलेली नाही. एक ग्लास न प्यायल्याने जायकवाडीत थेंबही वाढणार नाही. वाढेल ती माझी फुशारकी. पण ‘हवा’ हे उत्तर मी आता पुरतं मानत नाही. निसर्गाचं नाव घेतलं की वाटपाचा प्रश्न आपोआप मिटतो, आणि वरच्या अंगाला असलेल्यांना तेच सोयीचं असतं. मलाही होतंच.

दिवाळीत गावी गेलो की त्या बाईंच्या शेतावर जायचं ठरवलंय. चौदा वर्षांनी काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.